शब्दचर्चा : कॉइलींच्या सिग्नलचा 'मेळ' की 'बेरीज'?

शहापूरकर
बारावीच्या मुलांसाठी एमआरआयवर मराठीत टिपण लिहितोय. डोक्याभोवती जो पिंजरा बसवतात त्यात बऱ्याच लहान कॉइली (सिग्नल पकडणारे तारेचे वेढे) असतात. प्रत्येकीचा सिग्नल वेगळा नोंदतात आणि मग सगळ्यांचं मिळून एक चित्र काढतात. या शेवटच्या पायरीला मी 'मेळ' म्हटलं. टिपण तपासणाऱ्या सरांनी ते खोडून 'बेरीज' केलं. मला ते पटत नाही. प्रत्येक कॉइलीत सिग्नल वेगळ्या कलेत (फेजमध्ये, म्हणजे लाटेच्या वेगळ्या टप्प्यावर) येतो. सरळ बेरीज केली तर काही ठिकाणी ते एकमेकांना मारतात आणि चित्रात काळे डाग पडतात.

उद्यमबाग
आमचं मोटार भरायचं (वाइंडिंगचं) दुकान आहे. थ्री-फेज मोटारीत एका फेजची टोकं उलटी जोडली गेली की मोटार नुसती घुमते, तापते, भार उचलत नाही. तार तेवढीच, वेढे तेवढेच. म्हणून बेरीज नको, हे बरोबर. पण आम्ही त्याला 'जोडणी' म्हणतो. मेळ कोण म्हणूलालंय?

निपाणीकर
बेरीज एवढी टाकाऊ नाही. 1990 साली रोमर आणि सहकाऱ्यांनी अशा कॉइलींच्या समूहावर जो निबंध लिहिला, त्यात एक सोपी रीत आहे : चित्रातल्या प्रत्येक बिंदूपाशी प्रत्येक कॉइलीच्या सिग्नलच्या मापाचा वर्ग करा, वर्ग मिळवा, वर्गमूळ काढा. कलेचा प्रश्नच उरत नाही. एकीकडून 3, दुसरीकडून 4 आले तर उत्तर 5. बेरीजच आहे, फक्त वर्गांची.

शहापूरकर
पण जिथे सिग्नलच नाही तिथल्या गोंगाटाचे (नॉइजचे) वर्गही धनच येतात, त्यामुळे काळी असायला हवी ती जागा करडी दिसते. कॉइलींची संवेदनक्षमता, म्हणजे कुठल्या बिंदूचा सिग्नल कुठली कॉइल किती पकडते ते, माहीत असेल तर त्याहून चांगलं करता येतं. त्या बिंदूजवळच्या कॉइलीला जास्त वजन, लांबच्या कॉइलीला कमी, आधी कला जुळवायच्या, आणि शेजारच्या दोघींत सामाईक आलेला गोंगाटही हिशेबात धरायचा. एवढं सगळं 'बेरीज' या शब्दात मुलांना दिसेल का?

खानापूरची
मग 'भारित बेरीज' म्हणा. माझी हरकत 'कॉइली'ला आहे. कन्नडात कॉइलला 'सुरुळी' म्हणतात, आणि आपली सुरळी तिथलीच. तूप, अडकित्ता कन्नडातून आलेले चालतात, मग सुरळी का नको? पुस्तकातलं 'कुंडल' वाचलं की मला कानातलंच दिसतं.

निपाणीकर
सुरळी कागदाची, चटईची. या कॉइली बहुतेक एकाच वेढ्याच्या असतात, तांब्याचं सपाट कडं. शेजारची दोन कडी थोडी एकमेकांवर चढवतात, म्हणजे एका कड्यातला सिग्नल दुसऱ्यात उतरत नाही. सुरळ्या अशा कशा चढवणार?

खानापूरची
एका वेढ्याचीही सुरळी होते. आमच्याकडे दोरीच्या वेटोळ्यालाही सुरळीच म्हणतात.

टिळकवाडी
स्कॅन सेंटरला काम करते. आम्ही अख्ख्या पिंजऱ्यालाच 'हेड कॉइल' म्हणतो आणि आतल्या एकेकीला 'चॅनेल'. 'कॉइल बसवली का?' एवढंच विचारतो. टिपणात दोन्हींना कॉइल म्हटलंत तर मुलं गोंधळतील. आतल्या कड्याला तरी वेगळं नाव द्या.

निपाणीकर
चॅनेल म्हणजे कड्यातून निघालेल्या सिग्नलची पुढची वाट, कडं नव्हे.

उद्यमबाग
आणि 'कॉइली' का? आमची पोरं 'चार कॉइल काढ' म्हणतात, अनेकवचन करतच नाहीत. निपाणीकडं काय म्हणतात?