डीप पर्पल : पहिल्या लाइनअपला इतके कमी का लेखले जाते?

डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडचा विषय निघाला की बहुतेक जण १९७० च्या 'इन रॉक' या अल्बमपासून सुरुवात करतात आणि त्याआधीच्या लाइनअपची, म्हणजे बँडमधल्या कलाकारांच्या संचाची, एका वाक्यात बोळवण करतात. मला हे पटत नाही. गायक रॉड एव्हन्स, बेसवादक निक सिम्पर, गिटारवादक रिची ब्लॅकमोर, ऑर्गनवादक जॉन लॉर्ड आणि ड्रमवादक इयन पेस या पाच जणांनी १९६८-६९ मध्ये तीन अल्बम केले. त्यांतला पहिला लंडनच्या पाय स्टुडिओत अवघ्या तीन दिवसांत ध्वनिमुद्रित झाला. तिसऱ्या अल्बममधले 'एप्रिल' लक्ष देऊन ऐकावे. बारा मिनिटांच्या या रचनेचा मधला भाग लॉर्डने वाद्यवृंदासाठी लिहिला आहे, आणि सप्टेंबर १९६९ मध्ये रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये सादर झालेल्या 'कन्चेर्टो'ची (बँड आणि वाद्यवृंद यांच्यासाठी लॉर्डने केलेल्या रचनेची) चाहूल मला तिथेच लागते.

प्रतिसाद १ : चाहूल मान्य, पण तो हार्ड रॉक नव्हे. पहिल्या अल्बममधले 'हश' अमेरिकेत चौथ्या क्रमांकावर पोचले खरे, मात्र ते गाणे मूळ जो साउथचे. पहिल्या दोन अल्बममध्ये बीटल्स आणि नील डायमंड यांचीही गाणी घेतलेली आहेत. शिवाय लॉर्डचा हॅमंड ऑर्गन मार्शल अॅम्प्लिफायरमधून गिटारच्या तोडीने गुरगुरू लागल्यावर त्यावर मात करील असा गळा हवा होता. एव्हन्सचा मृदू आवाज तिथे तोकडा पडला असता. एव्हन्स आणि सिम्पर यांच्या जागी गायक इयन गिलन आणि बेसवादक रॉजर ग्लोव्हर आले नसते, तर 'इन रॉक'मधले 'चाइल्ड इन टाइम' झालेच नसते.

धागाकर्ता : उसनवारीचाच निकष लावायचा असेल, तर 'चाइल्ड इन टाइम'च्या आरंभीची ऑर्गनची सुरावटही 'इट्स अ ब्यूटिफुल डे' या अमेरिकन बँडच्या 'बॉम्बे कॉलिंग'वरून घेतलेली आहे. ती संथ करून तिच्यावर एवढा डोलारा उभारणे हे थोर काम आहेच. पण मग परक्या गाण्यांना नवे रूप देणाऱ्या पहिल्या लाइनअपलाही तोच न्याय लावावा.

प्रतिसाद २ : गिलनबद्दल मी पहिल्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत आहे, तरीही सिम्परवर अन्याय झाला असे माझे स्पष्ट मत आहे. जुनी लाइनअप कार्यक्रम करत असतानाच नव्या दोघांसोबत गुपचूप तालमी सुरू झाल्या होत्या. पुढे २०१६ मध्ये बँडला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले, तेव्हा एव्हन्सचे नाव घेतले गेले आणि त्याच तीन अल्बमवर बेस वाजवणाऱ्या सिम्परचे मात्र वगळले गेले.