नुसत्या बेटकुळीनं कट्टा उचलल्या जात नाही
(ऑनलाइन चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

पांदणरस्ता
यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं गाव. तालुक्याची जिम १८ किलोमीटरवर, शेवटची एसटी संध्याकाळी सहाला. भरतीची तयारी करणारी पोरं गावातच जमेल तसं करतात. यंदा मोबाईलवरून त्यांच्या डोक्यात नवीनच शिरलंय: वजन उचलायची गरज नाही, रोज पंधरा मिनिटं आरशासमोर दंड, छाती, मांड्या आवळून धरायच्या, की आली ताकद.

माझा चुलत भाऊ तीन महिन्यांपासून हेच करतो. दंड भरलाय त्याचा, नाकारत नाही. परवा आम्ही सोयाबीनचे कट्टे बैलबंडीत टाकत होतो. ५० किलोचा कट्टा. त्यानं दोन्ही कान धरले, गुडघ्यापर्यंत आणला आणि तिथंच अडला. दंडाच्या शिरा तटतटलेल्या, पण पाठीची कमान झालेली आणि बोटं कट्ट्यावरून सुटत चाललेली. शेवटी मांडीवर टेकवून खाली सोडला. आमचे सालदार काका पंचावन्न वर्षांचे, दंड पाहाल तर काडी. त्यांनी तोच कट्टा मांडीचा रेटा देऊन खांद्यावर घेतला.

अंग आवळताना दंडाचा पुढचा आणि मागचा स्नायू एकमेकांनाच ओढत बसतात. वजन उचलताना मागच्यानं सैल पडायचं असतं, आणि पाय, कंबर, पाठ, पंजा यांनी एकाच वेळी जोर लावायचा असतो. आरशासमोर हे कसं जमणार? पोलीस भरतीत मुलांचा गोळा ७.२६० किलोचा, मैदानी ५० गुणांपैकी १५ गुण त्याचे. तो गोळा हातात न धरता पोरं दंड पाहत उभी आहेत, हे पाहून जीव तुटतो.

पीटीचे सर
तुमची कळकळ कळते, पण तुम्ही टोकाला गेलात. आवळण्यानं काही होत नाही असं समजू नका. २०१६ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्याच माणसांचा एक हात वजनावर आणि दुसरा रिकामाच, पण पूर्ण ताकदीनं आवळत वाकवायचा. सहा आठवड्यांत १८ वेळा. दोन्ही हातांच्या स्नायूंची जाडी जवळपास सारखीच वाढली. म्हणजे स्नायूला लोखंड दिसत नाही, त्याला ताण कळतो. तुमच्या भावानं पाठ आणि पाय केलेच नाहीत, तो दोष त्याच्या आखणीचा आहे, आवळण्याचा नाही.

तुरीचं शेत
सर, अर्धंच सांगून राह्यले तुमी. त्या प्रयोगात वजन उचलाची ताकद कोणत्या हाताची वाढली, थे सांगा ना!

१६ लिटरचा फवारणीचा पंप भरला का पाण्याचंच १६ किलो, पंपाचं वेगळं. थो पाठीवर घेऊन कपाशीच्या ओळींमधल्या ओल्या तासातून दिवसभर फिरा लागते. पाय चिखलात फसते, पट्टा खांद्यात रुतते, तरी तोल सुटला नाई पाहिजे. आरशापुढं उभं राहून हे कोन्या पोट्ट्याले येईन?

पीटीचे सर
वजनवाल्या हाताची जास्त वाढली. मान्य, ते मी पहिल्याच वेळी लिहायला हवं होतं. नसांना जे काम रोज द्याल, त्यातच त्या तरबेज होतात.

पण लोखंड नाही म्हणून पोरगं कमजोर राहतं हेही मला पटत नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचं. १९३६ च्या ऑलिंपिकच्या वेळी त्यांचा चमू बर्लिनला जाऊन आपले देशी खेळ दाखवून आला. मल्लखांब करणाऱ्याला कुठली जिम लागते?

गुंडभर पाणी
मी बाई माणूस, भरतीचं मला कळत नाही. पण माझा पाय सहा आठवडे प्लास्टरमध्ये होता. मांडी इतकी वाळली की दुसऱ्या मांडीची जोडी वाटेना. डॉक्टरांनी गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दिली आणि म्हणाले, ही दाबा, दहा आकडे मोजा, सोडा. पहिल्या दिवशी मांडी हललीसुद्धा नाही. मी रडले. आठव्या-नवव्या दिवशी हाताला कातडीखाली काहीतरी घट्ट लागलं, तेव्हा वाटलं आपला पाय परत येतोय. पुढं पायऱ्या, मग डोक्यावर पाण्याचा गुंड. दादा, पहिली पायरी आवळण्याचीच होती, तिला खूळ म्हणू नका.

आणि पोरांना एवढं सांगा, आवळताना श्वास रोखू नका. माझ्या सासूबाईंना बीपी आहे, त्यांना डॉक्टरांनी बजावून ठेवलंय.

पांदणरस्ता
ताई, तुमच्या पायाबद्दल मी शब्द मागे घेतो. दुखण्यातून उठणाऱ्यासाठी आवळणं औषध आहे. पण वीस वर्षांचा धडधाकट पोरगा प्लास्टरमध्ये नाही.

सर, मल्लखांबाचा दाखला तर माझ्याच बाजूचा झाला. तिथं स्वतःचं अख्खं अंग उचलावं लागतं, तेच वजन. जोर-बैठकांतले जोर काढतानाही निम्म्याहून जास्त भार हातांवर येतो. मला लोखंड नकोच आहे. नाल्यातली वाळू कट्ट्यात भरा, २० किलोपासून सुरू करा, दर आठवड्याला दोन किलो घाला. काल २० होतं, आज २२ आहे, हे काट्यावर दिसतं. आवळण्याला काटा कुठला? आज शंभर टक्के जोर लावला की सत्तर, हे त्या पोरालाही सांगता येत नाही.

पीटीचे सर
काट्याचा मुद्दा मोठा आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण कट्टा उचलण्याआधी पोट आणि पाठ घट्ट धरायला पोराला कोण शिकवणार? तुमच्या भावाची पाठ गुडघ्यापाशी वाकली, कारण त्याला ती आवळता आली नाही. मी पोरांना आधी रिकाम्या हातानं ते शिकवतो, मगच वजन देतो. हे मी सोडणार नाही.

बंडीचं चाक
थो चुलत भाऊ मीच हाओ. दादा, दंड आवळणं मी बंद नाई करत, तीन महिन्यांत आलेलं हाय थे. पण सरांनी सांगतलं तशी पाठ घट्ट करून काल रिकामं घमेलं उचलून पाह्यलं, फरक कळला. नाल्यातून वाळू आणून ठेवली हाय. कट्टा शिवाले दाभण आन् सुतळी देजो, अन् घरचा तराजू पण.