हाँगकाँगचा ईस्ट डॅम: दगडी खांब बघायला कसं जावं?

अंधेरीकर: डिसेंबरात हाँगकाँगला जातोय. तिथल्या साई कुंग भागात ईस्ट डॅम या धरणापाशी असलेले, विझलेल्या ज्वालामुखीचे षटकोनी खांब बघायचेत. पण अंधेरीची गिल्बर्ट हिल, तशाच दगडी खांबांची टेकडी, घराशेजारी असताना तिथे वेगळं काय? सोबत सत्तरीची आई आहे, झेपेल का?

कातळवेडा: दगडच वेगळा आहे. गिल्बर्ट हिल म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा बेसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. तिकडचे खांब राखेचे! सुमारे १४ कोटी वर्षांपूर्वी प्रचंड स्फोट झाला, तापलेल्या राखेचा जाड थर साचला आणि निवताना आकसून तडकला. सिलिका (वाळूतलं मुख्य द्रव्य) जास्त म्हणून रंग फिकट, पिवळसर. धरणाच्या पायथ्याशी इंग्रजी एससारखे वाकलेले खांब नक्की बघा. राख पुरती घट्ट व्हायच्या आत थर सरकला, म्हणून ते वाकले. शेजारीच काळा पट्टा दिसेल, तो नंतर भेगेतून वर घुसलेल्या शिलारसाचा.

पायपीट: आईंना चालवत नेऊ नका. पाक ताम चुंगपासून धरण एका बाजूने साधारण ९ किमी, आणि खासगी गाड्या पाक ताम चुंगलाच अडवतात. टॅक्सीला मात्र परवानगी आहे. मेट्रोने डायमंड हिल, तिथून ९२ नंबरची बस साई कुंगपर्यंत आणि पुढे थेट टॅक्सी. खरी अडचण परतीची. आडवारी तिथे रिकामी टॅक्सी मिळेलच असं नाही, तेव्हा त्याच ड्रायव्हरला थांबायचं आधीच ठरवून घ्या. ९ए मिनीबस रविवारी आणि सुट्टीला असते, पण रांग मोठी लागते. वर दुकान नाही, पाणी खालूनच न्या. डिसेंबर उत्तम, उन्हाळ्यात वादळाचा इशारा असेल तर तिकडे फिरकूच नका, लाटा थेट बांधावर आदळतात.

अंधेरीकर: आभार. व्हिसाचं काय?

कातळवेडा: भारतीय पासपोर्टवर १४ दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, पण प्री-अरायव्हल रजिस्ट्रेशन, म्हणजे पोहोचण्याआधीची नोंदणी, हवंच. ऑनलाइन होतं, फुकट आहे. दलालाला पैसे कशाला? नाव, जन्मतारीख, नंबर पासपोर्टवर आहे तस्सं भरा, एक अक्षर चुकलं तरी नोंदणीनंतर मिळणारी स्लिप कामाची नाही. आईंचा अर्ज वेगळा. स्लिप साध्या ए-फोर कागदावर छापून सही करून न्या. अर्ज नाकारला गेला तर रीतसर व्हिसा काढावा लागतो आणि त्याला आठवडे जातात, म्हणून तिकिटाआधीच हे उरका. यावर शेजारच्या शेंझेन या चिनी शहरात मात्र जाता येत नाही, चीनच्या मुख्य भूमीचा व्हिसा निराळा.

पायपीट: आणि तिथला दगड उचलून पिशवीत टाकू नका, जिओपार्क आहे, म्हणजे खडकांचा वारसा जपणारं उद्यान.