शाळेसाठी आरओ विकत न घेता, मिळालेल्या पाण्याचे पैसे द्यायचे, असा करार कुणी केलाय का?

सविता_सांगोला
आमची जिल्हा परिषदेची पहिली ते चौथीची शाळा, पट ६४. मी शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष आहे. मागे एका कंपनीने देणगीत आरओ दिला. बोअरचं पाणी जड, टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, बाराशेच्या वर, त्यामुळे मेम्ब्रेन, म्हणजे आतला गाळणीचा पडदा, लवकरच चोक झाली. आता दुरुस्ती ना कंपनीची, ना शाळेच्या हिशोबात बसणारी. पोरं घरून बाटल्या आणतात, आणि ज्यांच्याकडे बाटली नाही ती नळालाच तोंड लावतात. हे मला बघवत नाही. यंत्राची मालकी पुरवठादाराकडेच ठेवून, चांगलं पाणी आलं त्या दिवसांचेच पैसे द्यायचे, असं सरकारी शाळेत जमेल का?

कॉपीयरवाला
ताई, मी सोलापुरात ऑफिसांना झेरॉक्स मशीन भाड्याने देतो. मशीन माझं, टोनर माझा, ड्रमही माझाच. गिऱ्हाईक कॉपीमागे पैसे देतं. मशीन बंद तर माझी कमाई बंद, म्हणून फोन आला की पोरगा लगेच गाडी काढतो. देणगीच्या यंत्रात असं कुणाचं काही अडलेलं नसतं. करारात मेम्ब्रेन, कँडल सगळं त्याच्याकडे घाला. टीडीएस मीटर मात्र शाळेचा, आणि रीडिंग शाळेनेच वहीत लिहायचं. ५०० च्या वर गेलं तर त्या दिवसाचे पैसे नाहीत. बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोची, मान्य मर्यादा तेवढीच आहे.

निवृत्त_मुख्याध्यापक
कल्पना योग्य आहे, पण पैसा कुठून येणार ते आधी बघा. समग्र शिक्षा या सरकारी योजनेच्या संयुक्त शाळा अनुदानात तुमच्या पटाला वर्षाला २५ हजार. त्यातच लाइट बिल, खडू, रजिस्टर, किरकोळ दुरुस्ती, आणि किमान दहा टक्के स्वच्छतेवर. रक्कमही वेळेवर येईलच असं नाही. मी शाळा चालवत असताना मार्चपर्यंत वाट पाहिली आहे. एकट्या शाळेने हे ओढू नये. आपल्या केंद्रातल्या, म्हणजे एका केंद्रप्रमुखाखालच्या आसपासच्या शाळा एकत्र आल्या तर पुरवठादाराला फेरी परवडेल. शिवाय ग्रामपंचायतीला वित्त आयोगाचा बंधित, म्हणजे ठरावीक कामांसाठीचाच, निधी मिळतो, त्यात पिण्याचं पाणी आहे. ग्रामसेवकांना भेटून गावाच्या आराखड्यात हे काम घालून घ्या.

आइंडहोवनकर
इकडे नेदरलँड्समध्ये स्किपोल विमानतळाने २०१५ मध्ये दिवे असेच घेतले. दिवे फिलिप्सचेच राहणार, विमानतळाने पैसे द्यायचे ते उजेडाचे, असा करार झाला. मग फिलिप्सने दिवेच जास्त टिकणारे आणि दुरुस्तीला सोपे बनवले. तुमच्या पुरवठादारालाही जड पाण्याला झेपेल असं यंत्र बसवावंच लागेल, कारण नुकसान त्याचं होईल.

सविता_सांगोला
गुरुजी, आराखड्याचं डोक्यातच आलं नव्हतं. ग्रामसेवकांना या आठवड्यात भेटते. केंद्रप्रमुखांच्या कानावरही घालते. कॉपीयरवाले दादा, अनुदान लांबलं तर पुरवठादार किती दिवस थांबेल?

कॉपीयरवाला
तीन महिन्यांचं डिपॉझिट असेल तर तेवढे दिवस मी तरी थांबतो. डिपॉझिट नसेल तर दुसऱ्याच महिन्यात यंत्र उचलून नेलं जाईल. समितीत हे आधीच स्पष्ट सांगा, आणि डिपॉझिटसाठी ग्रामपंचायतीशी बोला.