इब्राहिम इब्न अदहम : बल्खचा राजा की शामचा मजूर?

नदीकाठ :

ले हंट या इंग्रज कवीची अबू बेन आदमवरची छोटी कविता आपल्यापैकी अनेकांनी शाळेत वाचली असेल. रात्री जाग आल्यावर त्याला खोलीत एक देवदूत सोनेरी वहीत नावे लिहिताना दिसतो, ही ती कविता. हा अबू बेन आदम म्हणजे आठव्या शतकातले विरक्त इब्राहिम इब्न अदहम, हे मला अलीकडेच कळले आणि म्हणून फारसी सूफी कवी फरीदुद्दीन अत्तार यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र वाचले. त्यात ते बल्खचे, म्हणजे आजच्या अफगाणिस्तानातल्या एका शहराचे, राजे आहेत. मध्यरात्री महालाच्या छपरावर पावले वाजतात, 'कोण आहे?' असे विचारल्यावर 'माझा उंट हरवला आहे, तो शोधतो आहे' असे उत्तर येते, आणि छपरावर उंट कसा सापडेल असे राजाने म्हणताच, 'मग सोन्याच्या सिंहासनावर बसून तुला ईश्वर कसा सापडेल?' असा उलट प्रश्न येतो. पुढे राजा राज्य सोडून निघून जातो. हे वाचताना सिद्धार्थाचे महाभिनिष्क्रमण आठवल्याशिवाय राहत नाही. ते खरोखर राजे होते का, या कथेवर बुद्धचरित्राची छाया आहे का, आणि कवितेतला प्रसंग मुळात कुठला आहे, यावर जाणकारांनी लिहावे ही विनंती.

बखर :

प्रश्न चांगला आहे. उत्तर देताना कोणती कथा कोणत्या काळी लिहिली गेली, हे आधी पाहावे लागते. इब्राहिम यांचे निधन साधारणपणे इ.स. ७७७-७८ च्या सुमारास झाले असे मानतात. अत्तार त्यानंतर चारशेहून अधिक वर्षांनी लिहीत होते. मधल्या काळातली सुलमी (निधन १०२१) आणि कुशैरी (निधन १०७२) या सूफी ग्रंथकारांनी लिहिलेली चरित्रे पाहिली तर तिथे इब्राहिम 'राजांच्या वंशातले' आहेत, स्वतः राजे नाहीत. ते शिकारीला निघतात, कुत्रा सोबत आहे, ससा किंवा कोल्हा उठतो, आणि ते घोडा पिटाळतात तोच आवाज येतो : यासाठी तुला निर्माण केले होते का? पहिल्यांदा आवाज अज्ञातातून येतो, नंतर थेट खोगिराच्या पुढच्या बाजूतून. तिथेच त्यांना वडिलांचा एक मेंढपाळ भेटतो. त्याचा लोकरीचा अंगरखा ते स्वतः घालतात, आपली वस्त्रे आणि घोडा त्याला देऊन टाकतात आणि चालू लागतात. छप्पर नाही, उंट नाही, सिंहासनही नाही.

इतिहासाच्या बाजूने पाहिले तर राजेपणाला जागाच उरत नाही. त्या काळी बल्ख उमय्या खलिफांच्या खुरासान प्रांतात होते आणि तिथला कारभार सुभेदार पाहत असत. इब्राहिम यांचे घराणे अरब वंशाचे होते. बल्खमध्ये येऊन स्थायिक झालेल्या अरब कुटुंबांपैकी एका संपन्न कुटुंबातला तो मुलगा असावा, एवढेच खात्रीने म्हणता येते आणि माझ्या मते एवढे पुरेसे आहे. लोकांना मात्र ते पुरले नाही. चौदाव्या शतकातला प्रवासी इब्न बतूता याने नोंदलेली कथा वाचा. इब्राहिम यांचे वडील अदहम बुखाऱ्याच्या एका ओढ्यात हातपाय धूत असताना पाण्यातून वाहत आलेले सफरचंद उचलून खातात, आणि मग आपण दुसऱ्याची वस्तू विचारल्याविना खाल्ली या विचाराने त्यांना चैन पडत नाही. ते बागेच्या मालकिणीला शोधून क्षमा मागतात. ती म्हणते, अर्धी बाग माझी आहे, माझा वाटा मी माफ केला; उरलेला अर्धा सुलतानाचा आहे आणि सुलतान बल्खला आहे. अदहम अर्ध्या सफरचंदाची माफी मागायला बल्खपर्यंत जातात आणि शेवटी सुलतानाची मुलगी त्यांना दिली जाते. राजघराण्याशी नाते जोडण्यासाठी रचलेली ही कथा आहे हे उघड आहे, तरीही तिच्यात राजवाड्यापेक्षा त्या अर्ध्या सफरचंदाला अधिक किंमत आहे, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

बुद्धाविषयी : इग्नाझ गोल्डझिहर यांच्यासारख्या मोठ्या अभ्यासकाने हे साम्य दाखवले होते, आणि त्याला भूगोलाचा आधारही आहे. बल्खजवळचा नवविहार हा बौद्ध मठ दूरवर प्रसिद्ध होता, सातव्या शतकात ह्युएन त्संग तिथे गेला होता, आणि पुढे अब्बासी खलिफांचे वजीर झालेले बरमकी घराणे मूळचे त्याच मठाचे प्रमुख. ज्या शहरात शाक्य राजपुत्राची कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली, त्या शहरातून निघून गेलेल्या विरक्ताच्या आठवणीला तिचा आकार मिळाला असेल, तर त्यात नवल नाही. पण कथेचा आकार उसना असला म्हणून माणूस काल्पनिक ठरत नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

मध्यान्ह :

बखर यांच्या प्रतिसादाला पूरक म्हणून कवितेविषयी लिहितो. ले हंट यांना हा प्रसंग एर्बेलो या फ्रेंच विद्वानाच्या १६९७ सालच्या पौर्वात्य कोशातून मिळाला. मूळ सूफी कथेत इब्राहिम यांना स्वप्नात देवदूत दिसतो. तो ईश्वराच्या मित्रांची नावे लिहीत असतो आणि त्यांत इब्राहिम यांचे नाव नसते. ते म्हणतात, मी त्यांच्यापैकी नसलो तरी ईश्वराच्या मित्रांवर प्रेम करणारा आहे. त्यावर आज्ञा होते की याचे नाव सर्वांत वर लिही. १८३८ साली प्रसिद्ध झालेल्या कवितेत ईश्वरभक्तांच्या जागी सर्व मानवजात आली. कविता सुंदर आहे यात वाद नाही, पण तिच्यातला उदार मानवतावाद एकोणिसाव्या शतकातल्या लंडनचा आहे. मूळ कथेतली नम्रता वेगळी आहे : मी भक्त नाही, भक्तांच्या दाराशी उभा आहे. वारकऱ्यांच्या पायाची धूळ मागणारे अभंग ज्यांच्या कानांवरून गेले आहेत त्यांना ही भूमिका चटकन कळेल.

मला स्वतःला राजा इब्राहिमपेक्षा मजूर इब्राहिम अधिक मोठा वाटतो, आणि त्याच्याविषयीच्या नोंदी अधिक भक्कमही आहेत. मक्केत सुफियान सौरी आणि फुजैल इब्न इयाज या विरक्तांचा सहवास घडल्यावर ते शाममध्ये, म्हणजे आजच्या सिरियाच्या परिसरात राहिले आणि पिकांची कापणी, बागांची राखण अशी कामे करून जगले, असे कुशैरी स्पष्ट लिहितात. भीक किंवा देणगी घेण्याऐवजी हाताने कमवायचे, आणि घासातला कणही संशयास्पद नसावा याची काळजी घ्यायची, हीच त्यांची साधना होती. डाळिंबांची कथा याच काळातली आहे. बागेचा मालक पाहुण्यांसाठी गोड डाळिंबे आणायला सांगतो, इब्राहिम आणतात ती आंबट निघतात. इतके दिवस बागेत राहून तुला गोड-आंबट कळत नाही का, असे मालक चिडून विचारतो. ते उत्तर देतात : तुम्ही मला राखण करायला ठेवले, चाखायला नाही. त्याच काळातले विद्वान अब्दुल्ला इब्न मुबारक यांच्या वडिलांविषयीही अगदी हीच कथा सांगतात, त्यामुळे ती नेमकी कोणाच्या बागेत घडली याचा निवाडा होणार नाही. त्या काळच्या विरक्तांना कोणते आचरण थोर वाटत होते, हे मात्र तिच्यातून स्वच्छ दिसते.

नदीकाठ :

दोघांचेही मनःपूर्वक आभार. एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली आहे. अत्तार यांच्या चरित्रात मोठा झालेला मुलगा बापाला शोधत मक्केला येतो, इब्राहिम त्याला कवटाळतात, तेवढ्यात 'माझ्यावर प्रेम असल्याचे सांगतोस आणि दुसऱ्यावरही करतोस?' असा आवाज येतो. ते प्रार्थना करतात आणि मुलगा त्यांच्या मिठीतच प्राण सोडतो. ही कथा आदराने वाचणे मला जमत नाही.

बखर :

तुमची अस्वस्थता योग्य आहे आणि ती लपवण्याचे कारण नाही. मलाही ही कथा क्रूर वाटते. फक्त ती कुठे बसते ते पाहावे. अत्तार यांना एकनिष्ठ प्रेमाची कमाल दाखवायची असते आणि त्यासाठी ते प्रत्येक गोष्ट टोकाला नेतात. इब्राहिम पावलोपावली नमाज पढत चौदा वर्षांनी काब्यापाशी पोहोचतात तर काबा जागेवर नसतो, तो बसऱ्याच्या संत राबिया यांच्या स्वागताला गेलेला असतो, ही कथाही त्यांचीच. तिथे इब्राहिम यांच्या तपाचा अभिमान उतरवला आहे, इथे ममता. पहिली मला पटते, दुसरी पटत नाही, आणि आठव्या शतकातल्या इब्राहिम यांच्यावर तिचा भार टाकू नये असे माझे ठाम मत आहे. बायझंटाइन साम्राज्याविरुद्धच्या सागरी मोहिमांत ते सामील होत, तिथेच त्यांचा अंत झाला, असे जुन्या नोंदी सांगतात. समाधीवर अनेक गावे हक्क सांगतात. त्यांत सिरियाच्या किनाऱ्यावरचे जबला सर्वांत प्रसिद्ध असून चौदाव्या शतकात इब्न बतूताने तिथल्या समाधीचे दर्शन घेतले होते.

देवगिरीकर :

या चर्चेला आपल्याकडचा एक धागा जोडतो. सूफींच्या चिश्ती परंपरेच्या गुरुमालिकेत फुजैल इब्न इयाज यांच्यानंतर इब्राहिम यांचे नाव येते, पुढे हुजैफा मरअशी आणि आणखी काही पिढ्यांनी अबू इसहाक शामी, जे शाममधून हेरातजवळच्या चिश्त गावी येऊन राहिले. तीच मालिका अजमेरचे मोईनुद्दीन, दिल्लीचे निजामुद्दीन औलिया आणि त्यांचे शिष्य बुऱ्हानुद्दीन गरीब अशी दख्खनमध्ये पोहोचली. बुऱ्हानुद्दीन यांचे निधन १३३७ साली झाले आणि त्यांचा दर्गा खुलताबादला आहे. म्हणजे ज्या इब्राहिमला आपण इंग्रजी कवितेतून ओळखू लागलो, त्याचे नाव मराठवाड्यात त्या कवितेच्या पाचशे वर्षे आधीच येऊन पोहोचले होते.

उत्तर भारतात तर कबीरपंथीयांच्या कथांमध्ये बल्खच्या या सुलतानाला कबीरच उपदेश करतात. दोघांमध्ये सुमारे सातशे वर्षांचे अंतर आहे, पण सांगणाऱ्यांना त्याची अडचण वाटली नाही. गुरुमालिकेतही फुजैल आधी आणि इब्राहिम नंतर येत असले, तरी फुजैल यांचे निधन ८०३ सालचे, म्हणजे शिष्य गुरूच्या पंचवीस वर्षे आधी गेलेला आहे. त्यामुळे बखर यांनी सुचवल्याप्रमाणे नदीकाठ यांनी अत्तार यांच्या आधीच्या कुशैरी यांच्या ग्रंथातला इब्राहिम यांच्यावरचा छोटा भाग वाचावा. मेंढपाळाच्या अंगरख्याचा प्रसंग तिथे आहे.