मेंदूचे पार्श्वीकरण (डाव्या-उजव्या अर्ध्यांतली कामांची वाटणी) : लेखाची प्रस्तावना कशी दुरुस्त करावी?

शुद्धलेखनी:
सध्याची सुरुवात अशी आहे : ‘डावा मेंदू भाषा, तर्क व गणित सांभाळतो, उजवा मेंदू कला व भावना.’ पुढे ‘डाव्या डोळ्याला दिसलेले उजव्या मेंदूत जाते’ असेही आहे. दोन्ही वाक्ये खटकतात, पण नुसती उडवली तर प्रस्तावनेत काही उरत नाही. काय लिहावे?

दृक्‌पटल:
आधी डोळ्याचे वाक्य काढा, ते सरळसरळ चूक आहे. प्रत्येक डोळ्याचे मज्जातंतू दोन्ही गोलार्धांकडे, म्हणजे मेंदूच्या दोन्ही अर्ध्यांकडे जातात. दृष्टिपटलाच्या (डोळ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पडद्याच्या) नाकाकडच्या अर्ध्या भागातले तंतू बाजू बदलतात, कानाकडचे नाही. त्यामुळे : ‘नजर एका बिंदूवर स्थिर असताना त्याच्या डावीकडचे दृश्य, ते कोणत्याही डोळ्याने टिपलेले असो, आधी उजव्या गोलार्धात पोचते.’ ‘नजर स्थिर’ हे शब्द गाळू नका. दोन गोलार्धांमधला जोड कापलेल्या रुग्णांवर स्पेरी व गॅझानिगा या शास्त्रज्ञांनी केलेल्या प्रयोगांत चित्र क्षणभरच दाखवत ते याचसाठी. नजर वळली की ते दुसऱ्या गोलार्धालाही दिसणार.

गोलार्ध_२:
पहिल्या वाक्यात ‘सांभाळतो’ नको, वाटा कमी-जास्त असतो. माझा मसुदा : ‘बहुतेकांमध्ये शब्द व व्याकरण यांची मुख्य भिस्त डाव्या गोलार्धावर असते, उजव्या हाताने लिहिणाऱ्यांपैकी सुमारे ९५ टक्के, डावखुऱ्यांपैकी सुमारे ७० टक्के लोकांत असे आढळते.’ डावखुऱ्यांचा आकडा हवाच, नाहीतर कुणीतरी ‘डावखुऱ्यांत उलट असते’ अशी भर घालतोच. बोलण्यातले चढउतार ओळखण्यात मात्र उजव्याचा वाटा मोठा, म्हणून नुसते ‘भाषा’ लिहू नये. ‘गणित’ हा शब्द वगळाच, संख्यांचा अंदाज घेताना दोन्ही बाजूंचे पार्श्विका खंड (मेंदूचा वरचा-मागचा भाग) काम करतात. उजव्यासाठी कलेऐवजी अवकाशातले अवधान, म्हणजे भोवतालच्या जागेकडे लक्ष देणे, घ्या. त्या बाजूला इजा झालेला रुग्ण घड्याळाचे चित्र काढताना बाराही आकडे उजव्या अर्ध्यात कोंबतो. हे उदाहरण वाचकाला लगेच कळते.

शुद्धलेखनी:
छान. ‘तुमचा मेंदू डावा की उजवा’ हा भाग ठेवायचा का?

दृक्‌पटल:
ठेवा, पण ‘गैरसमज’ विभागात. २०१३ मध्ये हजारावर लोकांच्या मेंदूचे स्कॅन तपासले गेले. एकेक जोडणी एका बाजूला झुकलेली दिसली, पण अख्खा मेंदूच डावा किंवा उजवा असलेली माणसे सापडली नाहीत. इतिहासाच्या भागातही फ्रेंच वैद्य ब्रोका यांच्या नावापुढे नुसते १८६१ आहे. तेव्हा त्यांनी वाचेचा संबंध ललाट खंडाशी (मेंदूच्या कपाळामागच्या भागाशी) जोडला, डाव्या बाजूचा ठाम निष्कर्ष १८६५ चा.

गोलार्ध_२:
आणि वरचे ते चित्रही बदला, डावा अर्धा करडा, उजवा रंगीबेरंगी. मजकूर कितीही सुधारला तरी लोक तेच लक्षात ठेवतील.