हॉटेलात चेक-इन करताना चांगली खोली कशी मिळवावी?

प्रश्न
कामानिमित्त मला महिन्यातून दोन-तीनदा हॉटेलात मुक्काम करावा लागतो. खोलीचा प्रकार मी नेहमी तोच निवडतो आणि भाडेही साधारण तेवढेच भरतो, तरी कधी प्रशस्त, शांत खोली मिळते, तर कधी लिफ्टला अगदी खेटून असलेली. गेल्या खेपेस माझ्या आणि शेजारच्या खोलीच्या मध्ये एक कुलूपबंद दार होते. त्याच्या फटीतून पलीकडचा उजेड आणि टीव्हीवरच्या बातम्या मध्यरात्रीपर्यंत माझ्याकडे येत राहिल्या. काउंटरवर मी दर वेळी "जरा चांगली खोली द्या" असे आवर्जून सांगतो. त्याचा काही उपयोग होतो का, की सारे आधीच ठरलेले असते?

प्रतिसाद १
मी काही वर्षे रिसेप्शनवर काम केले आहे. पुष्कळ हॉटेलांत त्या दिवशी येणाऱ्या पाहुण्यांच्या खोल्यांचे वाटप आदल्या रात्री किंवा सकाळीच होते, त्यामुळे आपण काउंटरवर पोहोचता तेव्हा आपल्या नावापुढे बहुधा एक क्रमांक पडलेला असतो. तो बदलता येतो. पण तयार खोल्या हाताशी असतील तरच. म्हणून एक-दोन दिवस आधी थेट हॉटेलला फोन करून आपली मागणी बुकिंगवर नोंदवून घ्यावी.

शिवाय "चांगली खोली" या शब्दांतून आम्हाला काहीच कळत नसे. कोणाला चांगली म्हणजे उंचावरची, कोणाला खिडकीतून देखावा दिसणारी, तर कोणाला जिना चढावा न लागणारी. आपण ज्या दाराचा उल्लेख केला आहे, त्या खोल्यांना कनेक्टिंग रूम म्हणतात आणि त्या प्रामुख्याने कुटुंबांसाठी असतात. "कनेक्टिंग नको, लिफ्टपासून आणि हाउसकीपिंगच्या खोलीपासून दूर हवी" इतके नेमके सांगितले, तर समोरच्या माणसाला स्क्रीनवर शोधता येते. (गर्दीच्या वेळी आवाज चढवणाऱ्या पाहुण्यासाठी असा शोध फारसा मन लावून घेतला जात नसे, हेही कबूल करतो.)

प्रतिसाद २
वरच्या मताशी सहमत आहे, मात्र बुकिंग कोठून केले यानेही फरक पडतो. मध्यस्थ संकेतस्थळावरून सवलतीत घेतलेल्या खोलीपेक्षा हॉटेलकडे थेट केलेल्या बुकिंगला आणि सदस्यत्व योजनेतील पाहुण्यांना अनेकदा प्राधान्य मिळते. वरच्या श्रेणीची खोली विनामूल्य मिळण्याची शक्यता एका रात्रीच्या मुक्कामात अधिक असते, कारण आठवडाभर ती खोली अडकवून ठेवणे हॉटेलला परवडत नाही. पण मोफत अपग्रेडच्या मागे लागण्यापेक्षा थोडे पैसे भरून वरची श्रेणी मिळेल का, असे सरळ विचारावे. खोल्या रिकाम्या असतील तर फरकाची रक्कम पुष्कळदा वाजवी सांगितली जाते.

प्रतिसाद ३
उंच मजला म्हणजे शांतता, असे मात्र गृहीत धरू नये. रस्त्याचा आवाज कमी होतो हे खरे, परंतु अगदी वरच्या मजल्यावर गच्चीवरील वातानुकूलन यंत्रणेची घरघर रात्रभर ऐकू येऊ शकते. मी खोलीत शिरल्यावर बॅग उघडत नाही. आधी दिवे बंद करून मिनिटभर कान देतो, नळाला गरम पाणी येते का ते पाहतो, खिडकी नीट लागते का ते तपासतो आणि पसंत नसेल तर लगेच खाली जातो. पलंगावर बसून झाले, टॉवेल वापरले, की ती खोली पुन्हा तयार करावी लागते आणि मग बदलून मागताना आपल्यालाच अवघडल्यासारखे होते.

प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. पुढच्या मुक्कामासाठी आजच फोन केला. कनेक्टिंग खोली नको, असे सांगताच पलीकडच्या बाईंनी बुकिंग उघडून पाहिले आणि माझ्या नावावर अजून कोणताही क्रमांक टाकलेला नाही, असे सांगून मागणी नोंदवून घेतली. खात्री देता येणार नाही, असेही त्यांनी स्पष्ट केले. त्यामुळे दिवे बंद करून कान देण्याचे काम मला करावेच लागेल.